अर्धं कोष्टक

रविवारी दुपारी चारनंतर मंडळाचा फोन उचलायचा नाही, हा नियम मीच केला होता आणि मीच तो मोडत असे. साल दोन हजार पाच. आमच्या वधूवर मंडळाची वेबसाइट होऊन दीड वर्ष झालं होतं. रविवारचं जेवण, मग वामकुक्षी, मग चहा, आणि चहा संपला की सगळं पुणं एकदम आमच्या साइटवर येऊन बसायचं. तिकडे अमेरिकेत मुलगे नुकतेच उठलेले असायचे, तेही यायचे. साइट लगेच मान टाकायची. मग फोन सुरू. एका गृहस्थांनी मला विचारलं, तुमच्याकडे मुली आहेत की पडद्यावर नुसतं फिरणारं घड्याळच आहे? मी म्हटलं, घड्याळही चांगल्या घरचं आहे, पत्रिका पाठवा, जुळवून बघते. त्यांनी फोन आपटला.

मी श्यामला मेहेंदळे. नारायण पेठेतल्या ह्या मंडळात तेव्हा माझी अठ्ठावीस वर्षं झाली होती. आधी मदतनीस, मग कार्यवाह. पत्रिका जुळवणं हे माझं काम, आणि त्यात माझा शब्द शेवटचा. कमिटीवर आलेले-गेलेले अध्यक्ष सहा, मी एकच. हे मी मिरवायला सांगत नाही. पुढे जे घडलं ते कळायला हे माहीत असावं लागतं, म्हणून सांगते.

फरहतची ओळख झाली ती तिच्या वडिलांमुळे. मकबूलभाई अत्तार. रविवार पेठेत त्यांचं बायंडिंगचं दुकान होतं. मंडळाची सगळी रजिस्टरं त्यांच्या हातची, मुलांची निळ्या कापडात आणि मुलींची तांबड्या कापडात. दर जानेवारीत सायकलवर बांधून स्वतः घेऊन यायचे, जिना चढून वर ठेवायचे, अर्धा कप चहा घ्यायचे. मग कॉम्प्युटर आला. बँकांची रजिस्टरं थांबली, कचेऱ्यांची थांबली, शेवटी आमचीही. मकबूलभाईंना नाही म्हणायचं काम कमिटीनं माझ्यावरच टाकलं. ते म्हणाले, "बरं झालं ताई, पाठ दुखते आता." चहा घेतला आणि गेले. त्याच वर्षी दुकानाचं शटर कायमचं खाली आलं.

तर दोन हजार पाचच्या सप्टेंबरात मकबूलभाई पुन्हा जिना चढून आले, बरोबर मुलगी. सव्वीस वर्षांची, किरकोळ, गळ्यात हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीचा पट्टा, पाठीवर तिच्याहून मोठी बॅग. मकबूलभाई म्हणाले, तुमची साइट रखडते असं ऐकलं, आमच्या फरहतचं कामच ते आहे. लोकांच्या रखडलेल्या साइट पळत्या करणं. कंपनीत आठवडाभर तेच करते, शनिवारी तुमच्याकडे येईल.

मला धक्काच बसला, आणि तो मी लपवलाही नाही. आमचं मंडळ, आमच्या पत्रिका, आणि त्यात ही अत्तारांची मुलगी हात घालणार! मी तोंडावर विचारलं, तुला पत्रिकेतलं काय कळतं? ती म्हणाली, "काही नाही कळत. म्हणून तर सारखं विचारेन, काकू." मी तिला खुर्ची दिली.

पहिल्या शनिवारी तिनं कशालाही हात लावला नाही. पासवर्ड घेतला आणि बसून राहिली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारी साडेतीनला आली आणि साइट कशी मरते ते सात वाजेपर्यंत बघत बसली. मध्ये मी चहा विचारला तर म्हणाली, झाल्यावर. मी मनात म्हटलं, ही काय बघ्याची भूमिका? शेवटी सातला अध्यक्ष आले. करंदीकर, बँकेतून निवृत्त, सगळ्यावर त्यांचा एकच उपाय, मोठी वस्तू आणा. ते म्हणाले, मोठा सर्व्हर घेऊन टाकू. सर्व्हर म्हणजे साइटचा तो मोठा कॉम्प्युटर, जो कुठेतरी दूर असतो आणि सगळ्यांना पानं काढून देतो. फरहत शांतपणे म्हणाली, घरात पसारा झाला म्हणून मोठं घर घेतलं, तर तिथेही पसारा होतो, सर. आधी वेळ जातो कुठे ते बघू या. करंदीकरांना अशी उत्तरं ऐकायची सवय नव्हती, पण मला आत कुठेतरी गंमत वाटली.

वेळ कुठे जातो ते तिनं पुढच्या शनिवारी सांगितलं, आणि ते ऐकून मी कपाळावर हात मारला. एखाद्या मुलीनं स्थळं शोधायचं बटण दाबलं की सर्व्हर चार हजार मुलांच्या पत्रिका पहिल्यापासून मांडत होता. जन्मवेळ घे, चंद्र कुठे ते काढ, नक्षत्र काढ, चरण काढ, आठ प्रकारचे गुण काढ, बेरीज कर. चार हजार वेळा. तेवढ्यात दुसरी मुलगी बटण दाबायची, परत तेच सगळं. एकेका मुलाची पत्रिका रविवारच्या एका संध्याकाळी हजार-हजार वेळा मांडली जात होती. आधीच्या माणसानं प्रोग्रॅमच तसा लिहिला होता, आणि त्याबद्दल आम्ही त्याला शाल-श्रीफळ दिलं होतं.

मी म्हटलं, अगं पण जन्मनक्षत्र काय दर रविवारी बदलतं? फरहत म्हणाली, तेच तुम्हाला विचारायचं होतं.

मग मी पंचांग काढलं आणि तिला गुणमेलनाचं कोष्टक दाखवलं. डावीकडे मुलीचं नक्षत्र, वर मुलाचं. एक बोट आडवं न्यायचं, एक उभं आणायचं, जिथे भेटतील तिथे गुण लिहिलेले. छत्तीसपैकी अठरा आले की पत्रिका जुळते, खाली आले की नाही. काही नक्षत्रं दोन राशींत विभागलेली, म्हणून छत्तीस ओळी आणि छत्तीस रकाने. अठ्ठावीस वर्षं ह्याच कोष्टकावर बोट फिरवून मी पुण्यातली निम्मी लग्नं जुळवली होती. फरहतनं स्वतःचं बोट त्या पानावर आडवं-उभं फिरवून पाहिलं. म्हणाली, काकू, हे तर कुणीतरी आधीच सगळं करून ठेवलंय. आमच्याकडे ह्याच्यासाठी लोक परगावाहून शिकवायला येतात. एकदा हिशेब करायचा, मांडून ठेवायचा, आणि नंतर नुसतं बघायचं.

तिचा चेहरा तेव्हा असा उजळला होता की मला तिच्याबद्दल पहिल्यांदा माया वाटली. खोटं कशाला बोलू, त्याआधी नव्हती.

हळूहळू ती बोलायला लागली. रोज सकाळी सातला कंपनीची बस, जाताना दीड तास, येताना दोन. बसमध्ये सगळे झोपतात, ही खिडकीतून ट्रॅफिक बघते आणि कुठे अडकतंय ते शोधते. तिच्या मनात एकच गोष्ट होती. वडिलांचं दुकान पुन्हा उघडायचं, तिथे दोन कॉम्प्युटर ठेवायचे आणि हेच काम स्वतःचं म्हणून करायचं. त्यासाठी सुरुवातीला एक भक्कम काम हवं होतं, आणि ते आमच्याकडूनच येणार होतं. सातारा, सांगली, नाशिक, कोल्हापूर अशी आमची अकरा भगिनी मंडळं होती. सगळ्यांच्या साइट आमच्यासारख्याच रखडलेल्या. पुण्याचं काम नीट झालं तर अकराही मंडळांचं काम हिलाच, असं करंदीकरांनी कबूल केलं होतं. निर्णय फेब्रुवारीच्या बैठकीत व्हायचा होता. मकबूलभाईंनी तर दुकान झाडून घेतलं, कागद कापायचं यंत्र भिंतीला सरकवलं आणि पेंटरला विचारूनही आले. मुलीच्या नावाची पाटी, मराठीत आणि इंग्रजीत.

त्या वर्षी रमजान ईद आणि दिवाळी पाठोपाठच होती. तुळशीचं लग्न लागलं की आमचा हंगाम सुरू होतो, त्याच्या आत साइट पळायला हवी होती. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी आम्ही दोघी कोष्टक भरायला बसलो. पंचांगाची छपाई बारीक, म्हणून मी भिंग धरून आकडे वाचायचे आणि तिनं टाइप करायचे. छत्तीस गुणिले छत्तीस म्हणजे बाराशे शहाण्णव आकडे. तिचा रोजा होता, पाण्याचा थेंब नाही. माझं अर्धं लक्ष घरी भिजवून ठेवलेल्या चकलीच्या भाजणीत. दोन-तीन ओळी वाचून माझा घसा बसला.

तेव्हा तिनं विचारलं. मुलगी रोहिणीची आणि मुलगा हस्ताचा, किंवा उलट, मुलगी हस्ताची आणि मुलगा रोहिणीचा, गुण सारखेच येतात का? सारखे असतील तर अर्धंच कोष्टक भरून चालेल.

मी म्हटलं, सारखेच असणार, जोडी तीच ना?

तिनं पंचांग पुढे ओढून पाच जोड्या उलटसुलट करून पाहिल्या. पाचही सारख्या निघाल्या. तरी म्हणाली, अजून थोड्या बघू या का? आणि मी उखडले. अठ्ठावीस वर्षं मी हेच करतेय, आता तू मला शिकवणार का, असं काहीतरी बोलले. नेमके शब्द आठवत नाहीत, पण सूर आठवतो. ती "बरं" म्हणाली. अर्धं कोष्टक आम्ही तासाभरात संपवलं आणि मी चकल्या करायला घरी गेले.

तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला रविवार मी विसरणार नाही. चार वाजले, साडेचार वाजले, फोन वाजेना. मी रिसीव्हर उचलून बघितला, लाइन चालू होती. मला वाटलं, गेली, साइट बंदच पडली. कॉम्प्युटर उघडला आणि बटण दाबलं. पूर्वी दोन मिनिटं लागायची. ह्या वेळी माझं बोट बटणावरून उचललं जायच्या आत पान समोर. मी परत दाबलं. परत तसंच. मी चक्क घाबरले. त्या क्षणी किती लोक साइटवर आहेत ते कोपऱ्यात दिसायचं, तिथे नऊशे चाळीस लिहिलेलं होतं. मी फरहतला फोन केला आणि म्हटलं, अगं हे काय केलंस! ती नुसती हसली.

कमिटीनं टाळ्या वाजवल्या. सातारकर मंडळी येऊन बघून गेली. मकबूलभाई शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले आणि मी तो सगळ्यांदेखत खाल्ला, जे माझ्या सासूबाईंच्या काळात झालं नसतं.

एक गोष्ट माझ्या तेव्हा लक्षात आली नाही. पूर्वी साइट इतकी रखडायची, की लोक कंटाळून मलाच फोन करून गुण विचारायचे, आणि मी कोष्टकावर बोट ठेवून सांगायचे. आता साइट क्षणात सांगत होती. मला विचारणारं कुणी उरलं नाही. तीन महिने मी पंचांगाचं ते पान उघडलंच नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी अकराला, एक गृहस्थ जिना चढून आले. कात्रजचे महिपतराव, एसटीतून निवृत्त झालेले. स्वारगेटपर्यंत बसनं आणि तिथून चालत आले होते, कपाळावर घाम, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी पंचांग काढलं, माझ्या टेबलावर उघडं ठेवलं आणि समोर बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी बाजूला सरकवलं.

त्यांची मुलगी श्रद्धा आमच्याकडे नोंदवलेली होती. डिसेंबरात तिला आनंद नावाच्या मुलाचं स्थळ आलं होतं. दोनदा भेटले, दोघांना आवडलं, दोन्ही घरं राजी. शेवटी महिपतरावांनी साइटवर गुण पाहिले. साडेसोळा. अठराच्या खाली. नाही कळवून टाकलं. परवा त्यांनी घराच्या पायाभरणीचा मुहूर्त बघायला पंचांग उघडलं, आणि ते पान समोर आलं म्हणून सहज बोट फिरवलं.

"बाई, ह्यात एकोणीस हाईत," ते म्हणाले. "त्या पोराचा साखरपुडा गेल्या गुरुवारी झाला. आमची पोरगी जेवंना झालीय. मला भांडायचं न्हाई. हे झालं कसं, तेवढं सांगा."

मी माझं स्वतःचं पंचांग काढलं. श्रद्धाचं नक्षत्र डावीकडे, आनंदचं वर. एकोणीस. मग बोटं उलटी करून पाहिलं, जणू श्रद्धा मुलगा आणि आनंद मुलगी. साडेसोळा.

सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. आठ प्रकारच्या गुणांपैकी वर्ण, वश्य आणि गण हे मुलाकडून पाहिले तर एक येतात आणि मुलीकडून पाहिले तर दुसरे. सगळ्या जोड्यांत नाही, पण कितीतरी जोड्यांत. हे मला ह्या धंद्याच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. पण शिकल्यावर अठ्ठावीस वर्षं मी कोष्टक सरळच वाचत आले, डावीकडे मुलगी, वर मुलगा. उलटं वाचायची वेळच कधी आली नाही. जे रोज डोळ्यांसमोर होतं, ते मी कधी बघितलंच नव्हतं.

महिपतराव उत्तराची वाट बघत होते. मी म्हटलं, "कॉम्प्युटरची चूक झाली."

हे वाक्य इतक्या सहज माझ्या तोंडून गेलं की मी स्वतःच हबकले. त्यांनी मान हलवली, पंचांग पिशवीत घातलं आणि म्हणाले, मशीनला काय बोलायचं. मग ते उठून जिना उतरून गेले.

मी फोन केला, तशी फरहत अर्धा दिवस रजा टाकून दुपारी आली. मी तिला एवढंच सांगितलं की उलटसुलट गुण वेगळे येतात. ती पंचांग घेऊन बसली. ह्या वेळी आकडे तिनं स्वतःच वाचले, स्वतःच भरले आणि दोनदा ताडून पाहिले, सगळे बाराशे शहाण्णव. संध्याकाळपर्यंत साइट बरोबर गुण सांगायला लागली, आणि तितक्याच वेगानं. तेव्हा ती म्हणाली, अर्ध्या कोष्टकानं वेग वाढलाच नव्हता, काकू. पूर्ण भरलं असतं तरी तो एवढाच असता. आपला फक्त एक तास वाचला.

आपला एक तास, ती म्हणाली. मला जेवण गेलं नाही त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी तिनं यादी आणली. गेल्या तीन महिन्यांत ज्या जोड्या आमच्या चुकीनं अठराच्या खाली किंवा वर गेल्या होत्या, अशा त्रेचाळीस. प्रत्येक घराला पाठवायचं पत्रही तिनं लिहून आणलं होतं, साध्या मराठीत, सहा ओळी. आमचे आकडे चुकले, बरोबर गुण हे आहेत, आम्ही क्षमा मागतो. पहिलं पत्र महिपतरावांचं.

त्या पत्रांवरून पेटलं. करंदीकरांनी रविवारी तातडीची बैठक बोलावली, म्हणजे फेब्रुवारीची बैठकच अलीकडे आली. एकजण म्हणाले, पत्रं कशाला, मंडळाची अब्रू जाईल. दुसरे म्हणाले, पत्रिकेचं काम त्या लोकांकडे द्यायचंच कशाला होतं? हे फरहतच्या समोर. माझं डोकं भणाणलं. मी त्यांना सुनवायला तोंड उघडलं, आणि मग लक्षात आलं की सुनवायचं तर सगळंच सांगावं लागेल. मी तोंड मिटलं.

करंदीकरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. म्हणाले, मला एवढंच कळू द्या, अर्धं कोष्टक भरायचं हे ठरवलं कुणी?

फरहतनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण पाहिलं. आता ही माझं नाव घेणार, ह्या सहा माणसांसमोर, जी इतकी वर्षं माझा शब्द प्रमाण मानत आली. मी समोरच्या कपाकडे बघत राहिले. चहावर साय धरली होती.

"प्रोग्रॅम माझा आहे," ती म्हणाली. "चूक माझी."

आणि मला हायसं वाटलं. हे लिहायला मला लाज वाटते, पण तेच वाटलं. सुटले बाई, असं. त्यानंतर मागून भीती आली, माझीच मला. मी अशी बाई आहे हे मला साठाव्या वर्षी कळत होतं.

ठरायला दहा मिनिटंही लागली नाहीत. अकरा मंडळांचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं. आमची साइटही महिन्याभरात तिनं सोपवून द्यायची. पत्रं मात्र जाऊ देत, असं करंदीकर म्हणाले, कारण ती लिहून तयारच होती. फरहतनं वहीत तारीख लिहून घेतली. कुणाला काही विचारायचंय का, असं तिनंच विचारलं. कुणाला नव्हतं.

पुढे आठ दिवसांनी मी करंदीकरांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, सातारकरांनी काल दुसऱ्याशी करार केला, श्यामलाबाई, आता हे कुणाला सांगू नका. मी महिपतरावांकडेही गेले, कात्रजला. त्यांना सांगितलं की मशीन नव्हे, मी. त्यांनी दारातूनच ऐकून घेतलं. श्रद्धा आत होती, ती बाहेर आली नाही. रविवार पेठेतलं दुकान मार्चमध्ये मकबूलभाईंनी भाड्यानं दिलं, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला. फरहत अजून सातच्या बसनं हिंजवडीला जाते.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी बैठक संपल्यावर मी तिच्या मागोमाग जिन्यापाशी गेले. ती वाकून चपलेचा पट्टा लावत होती. खाली रस्त्यावर मकबूलभाई उभे होते, बैठक झाली की दुकानाकडे जाऊ म्हणून आलेले. पाटीवर काय लिहायचं ते पेंटरला आजच सांगायचं होतं.

मी हळू आवाजात विचारलं, माझं नाव का नाही घेतलंस गं?

ती सरळ उभी राहिली. रागावलेली नव्हती. तिला माझ्या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं होतं.

"मी तुमच्याकडे बघितलं होतं ना, काकू," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही सांगाल."